नान्याची कुजबुज

माझा धाकटा भाऊ नान्या उभ्या जन्मात कधी मोठ्यानं बोलला नाही. आमच्या घरात ते खातं माझ्याकडे. पाणीपट्टीच्या खिडकीवर बसून मी निवृत्त झाले, त्यामुळे लोकांवर खेकसणं हा माझा पगारी धंदा होता आणि सवय अजून गेलेली नाही. नान्याचा धंदा बरोबर उलटा. तो नाटकाच्या थिएटरात प्रॉम्प्टर होता. नट बाहेर उजेडात उभा राहून टाळ्या घेतो. त्याला वाक्य आठवेनासं झालं की पडद्याआड अंधारात बसून जो पुढचे दोन शब्द सरकवतो, तो हा आमचा नान्या. त्याची कुजबुज नटाच्या कानात बरोब्बर पोचायची आणि पहिल्या रांगेत बसलेल्याला पत्ता लागायचा नाही.

थिएटरात सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याची हुशारी वाक्यं पाठ असण्यात नव्हती. नाटकाचं बाड हातात असतं, वाचता येणारा कुणीही वाक्य देईल. खरी गोम अशी की नट मध्येच थांबला तर तो मुद्दाम थांबलाय की अडकलाय, हे नान्याला त्याच्या पाठीकडे बघून कळायचं. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य दिलं तर तो आत येऊन शिव्या घालतो. अडकलेल्याला नाही दिलं तर तो आत येऊन रडतो. नान्यानं हे कधी चुकवलं नाही. तिथे राजेसाहेब म्हणून एक बडं प्रस्थ होतं, कायम राजाची कामं करणारं. हा गृहस्थ तालमीला फिरकायचाच नाही. "मास्तर आहे ना," म्हणायचा, आणि मिशा चिकटवून सरळ रंगमंचावर. मी नान्याला सांगायचे, "अरे, तू त्याला ऐतखाऊ करून ठेवलायस. एकदा गप्प बस, बघ कशी तंतरते त्याची." तर हसायचा. म्हणायचा, "ताई, माणूस तिथे एकटा पडलेला मला बघवत नाही गं."

त्याला एकच मुलगी. आता बापापेक्षा उंच झाली तरी आम्ही बारकीच म्हणतो. तिची आई, म्हणजे माझी भावजय, दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. एकाचं नाव पुकारलं तर रस्त्यावरचे दोघं वळून बघतात, असा तिचा आवाज. तिच्या पोटी ही लाजरी पोर. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली तेव्हा नान्या पडद्यामागे हजर. पोर जरा थांबली की आतून वाक्य आलंच. बक्षीस मिळालं, कौतुक झालं. घरी पाहुण्यांनी विचारलं, "काय गं, कितवीत आहेस?" की ही बापाकडे बघायची, आणि बाप सांगायचा, "सातवीत." भावजय कडाडायची, "अहो, तिला तोंड आहे की नाही?" पण पोर क्षणभर गप्प राहिली की नान्याचा जीव कासावीस व्हायचा. होता होता तिला सवयच लागली. बोलता बोलता अडली की मान एका बाजूला वळायची, बाप असेल तिकडे. बाप नसला तरी वळायची.

अभ्यासात मात्र पोरगी पक्की. विषय काय निवडला, तर गाळ! नदीबरोबर वाहत येतो आणि धरणाच्या तळाशी साठतो, तो गाळ. मी म्हटलं, "अगं, लोक डॉक्टर होतात, वकील होतात, तू चिखल शिकणार?" तर अर्धा तास तिनं मला समजावून सांगितलं, की धरण कसं आतून भरत जातं आणि वरून बघणाऱ्याला कसं कळत नाही. त्या अर्ध्या तासात तिची मान एकदाही वळली नाही. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मला कंटाळा आला होता.

परदेशातल्या एका विद्यापीठात या गाळावर मोठं काम चालतं. बारकीला तिथे प्रवेश मिळाला. पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं, नाहीतर बसा बोंबलत. आणि शिष्यवृत्ती ठरणार एका मुलाखतीवर, कॉम्प्युटरवरून.

घरात लगीनघाई सुरू झाली. पासपोर्ट झाला, इंग्रजीची परीक्षा झाली, कॉलेजचे दाखले सीलबंद पाकिटात घालून झाले. कुणीतरी सांगितलं की तिकडे दाताला हात लावायचा म्हणजे घर विकावं लागतं, म्हणून तिच्या दोन दाढा इथेच भरून घेतल्या. चष्म्याची जास्तीची जोडी केली. भावजयीनं दवाखान्यातल्या एका नर्सकडून थंडीचा जाडजूड कोट आणला, आणि भर उकाड्यात बारकी तो घालून आरशासमोर घाम पुसत उभी. आम्ही पोट धरून हसलो. नान्यानं तर थिएटरात, वाण्याकडे, न्हाव्याकडे, भेटेल त्याला सांगून टाकलं होतं, "पोरगी निघाली हं." कुजबुजतच सांगितलं, पण सांगितलं सगळ्यांना. मी म्हटलं, "अरे, बाजारात तुरी." तर म्हणाला, "ताई, तू अपशकुन नको करूस."

मग त्यानं मुलाखतीचं बाड तयार केलं. खोटं नाही सांगत. प्रश्न काय येतील, उत्तरं काय द्यायची, सगळं सुवाच्य अक्षरात इंग्रजीतून. कुठे श्वास घ्यायचा तिथे लाल पेन्सिलीची रेघ. इंग्रजी नाटकांची बाडं सांभाळून त्याचं इंग्रजी बरं होतं. परीक्षक म्हणून मला खुर्चीत बसवलं. "तुझा चेहरा तसाच आहे," म्हणाला. पहिला प्रश्न, हा विषय का निवडला? त्याचं उत्तर त्यानं लिहिलं होतं, "लहानपणापासून मला नदीचं वेड आहे." साफ थाप! लहानपणी ही पोर बादलीतल्या पाण्यालासुद्धा घाबरायची.

"बाबा, हे नाटक नाही," बारकी म्हणाली. "पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं."

"पाठ कुठे करतेस? नुसता आधार म्हणून."

तिनं बाड बाजूला सारलं आणि स्वतःच्या मनानं बोलायला लागली. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला थांबली. लगेच शेजारून कुजबुज आली, आणि हिनं ती उचलली. रोज हेच. आधी नको नको म्हणायचं आणि आयत्या वेळी बापानं भरवलेला घास घ्यायचा. मी एकदा ओरडले, "अरे, तिला जरा धडपडू दे की!" दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काही वाईट बोलले.

मुलाखतीचे नियम आले होते. उमेदवार एकटा हवा, जवळ लिहिलेलं काही नको, कुणाची मदत नको. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेर टेबल, आत स्वयंपाकघर, मधलं दार फुगून लागेनासं झालेलं म्हणून तिथे पडदा. भावजय कामावर गेली. माझ्या गुडघ्यांमुळे मला जिना जमत नाही, तेव्हा मी आत बसावं असं ठरलं. बारकी म्हणाली, "आत्याचं चालेल. ती काही इंग्रजीत मदत करायची नाही." मग बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मात्र थिएटरला जा. तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघते. प्लीज जा."

"जातो की," नान्या म्हणाला. चपला घालून गेलासुद्धा.

मुलाखत सुरू झाली आणि स्वयंपाकघराचं मागचं दार हळूच उघडलं. चपला हातात घेऊन नान्या आत. मी डोळे वटारले. त्यानं ओठांवर बोट ठेवलं, हातानंच खूण केली, नुसता ऐकतो. आता मी करू काय? तोंड उघडलं तर माझाच आवाज बाहेर जाणार. तो पडद्याला कान लावून उभा राहिला, थिएटरात कान लावायचा तस्सा.

माझं इंग्रजी पाणीपट्टीपुरतं; नेमके शब्द मला बारकीनं मागाहून मराठीत सांगितले. पण बारकी छान बोलत होती एवढं कळत होतं. पडद्याच्या फटीतून तिची पाठ दिसत होती, आणि पलीकडे स्क्रीनवर तीन माणसं. त्यातली एक पांढऱ्या केसांची बाई मधूनमधून मान डोलावत होती. मग त्या बाईनं विचारलं, "तुझ्या कॉलेजातल्या गाळाच्या प्रयोगात तू चुकलीस कुठे?"

हा प्रश्न बाडात नव्हता.

बारकी थांबली. मी तिच्या पाठीकडे बघत होते. ताठ बसली होती, हलली नाही, मान वळवली नाही. ती विचार करत होती, हो! मला अडाणी बाईला कळत होतं की पोरगी विचार करतेय. आणि ज्याला परक्या नटांच्या पाठी वाचता येत होत्या, त्या नान्याला पोटच्या पोरीची पाठ वाचता आली नाही. त्याचा गळा हलला. मी हात पुढे केला, पण तोवर शब्द गेलेही होते. तीच ती कुजबुज. "लहानपणापासून मला नदीचं वेड आहे."

आणि बारकी तेच बोलली! कुठे चुकलीस असं विचारलं, तर पोर म्हणते, लहानपणापासून मला नदीचं वेड आहे. पुढचं वाक्यही घडाघडा म्हणाली, लाल रेघेवर श्वाससुद्धा घेतला. मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि गप्प झाली.

नाटकवाल्यांचा हिशोब प्रेक्षकांच्या कानांचा. कॉम्प्युटरच्या कानांचं नान्याला काय ठाऊक? ती बाई सौम्यपणे म्हणाली, "तुझ्याजवळ कोणी आहे का?"

"नाही," बारकी म्हणाली.

"आम्हाला एक आवाज आला."

"शेजारचा टीव्ही आहे. घरात कोणी नाही."

माझ्या शेजारी नान्या भिंतीला टेकून खाली बसला. बाहेर त्यांनी आभार मानले, शुभेच्छा दिल्या, सगळं गोड गोड. मग बंद.

बारकी पडदा सारून आत आली. बाप फरशीवर बसलेला, चपला मांडीवर. मला वाटलं आता ही आकांडतांडव करणार, आणि करावंच. पण ती त्याच्यासमोर खाली बसली.

"बाबा, माझ्याकडे उत्तर होतं."

"मला वाटलं तू..."

"खरं उत्तर होतं. नुसतं कसं सांगावं ते जुळवत होते. तुमचा आवाज आला आणि मी ते सोडून दिलं. तुम्ही बोललात त्याचं सोडा. मी का म्हटलं ते? आणि वर खोटं बोलले. घरात कोणी नाही म्हणाले." मग तिनं ओढणीत तोंड लपवलं. "मला माझीच शरम वाटतेय."

नान्याला तर मान वर करवेना. "मी त्यांना सांगतो, चूक माझी..." असं काहीतरी पुटपुटला. बारकी म्हणाली, "नका. आता तुम्ही काही बोलू नका." ती बाहेरच्या खोलीत गेली. तो तिथेच बसून राहिला. मी त्याला उठवलं.

संध्याकाळी प्रयोग होता. गेला बिचारा. दुसऱ्या अंकात राजेसाहेब नेहमीप्रमाणे अडकले आणि विंगेकडे बघायला लागले. विंगेत नान्या बाड उघडून बसलेला, बोट त्याच ओळीवर, आणि तोंडातून शब्द निघेना. सगळं थिएटर हसायला लागलं. पडदा पडल्यावर राजेसाहेबांनी चारचौघांत त्याला नाही नाही ते सुनावलं. हे मला पडदा ओढणाऱ्यानं येऊन सांगितलं. म्हणाला, "मास्तर नुसते खाली बघून उभे होते हो." त्यानंतर नान्या विंगेत बसला नाही. मालकानं जुना माणूस म्हणून तिकीटखिडकीवर घेतलं.

शिष्यवृत्ती नाही मिळाली, हे काय सांगायला हवं? ठपका वगैरे काही ठेवला नव्हता, या वेळी नाही एवढंच. भावजयीनं घर डोक्यावर घेतलं. मग एक दिवस तीही थकली. खरी शिक्षा रस्त्यावर होती. वाणी विचारायचा, "काय मास्तर, कधी निघाली पोरगी?" न्हावी विचारायचा. नान्या वाण्याची गल्ली टाळून लांबच्या वळशानं घरी यायला लागला. केस वाढले तरी न्हाव्याकडे जाईना. घरात तर त्यानं बोलणंच टाकलं. बारकी जेवताना एखादी गोष्ट सांगत असली आणि थांबली, की हा ताट उचलून मोरीत जायचा. एकाच घरात दोघं एकमेकांना तोंड चुकवत होती, आणि मधे मी. मला सांगा, मी खेकसायचं कुणावर?

बारकीनं धरणाच्या कचेरीत काम धरलं. गाळ मोजायला होडीतून जावं लागायचं. पहिले काही दिवस घरी आली की उलट्या. तरी जात राहिली. वर्ष सरलं, तिनं पुन्हा अर्ज केला, पुन्हा मुलाखत आली. मला वाटलं, ही आता कचेरीतून देईल, मैत्रिणीकडून देईल. पण नाही. तेच टेबल, तीच खुर्ची.

नान्या आपणहून चपला घालायला लागला, तर ती म्हणाली, "बाबा, जाऊ नका. आत बसा. मी त्यांना आधीच सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"खरं काय ते."

तो आत येऊन माझ्याजवळ बसला. स्क्रीनवर तीच पांढऱ्या केसांची बाई. बारकीनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. आत माझे वडील आहेत आणि आत्या आहे. गेल्या वर्षी आवाज आला तो वडिलांचा होता. मी कोणी नाही म्हणाले, ते खोटं होतं. नान्याला इंग्रजी कळतं. शब्द न् शब्द कळला त्याला. कानशिलं लाल झाली, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसला.

त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा प्रश्न अजून बाकी आहे. तू चुकलीस कुठे?"

बारकी थांबली. गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ थांबली. मी नान्याकडे बघितलं. घामानं निथळत होता, ओठ आत ओढून दातांखाली धरलेले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो त्यानं काढला, उठला आणि मागच्या दारानं निघून गेला. अनवाणी. जिन्यावर पावलं वाजली आणि विरली.

आणि मग बारकी बोलली. म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते. म्हणून मी गाळाचे सगळे नमुने काठाचे घेतले, पाय पोचतील तिथले. आणि अहवालात लिहिलं, हे सगळ्या धरणाचं आहे. आकडे बरोबर होते, पण ते काठाचे होते. मी भित्री आहे हे कुणाला सांगायची लाज वाटली. हे वर्ष मी होडीत बसून सगळं पुन्हा केलं. उत्तर वेगळं आलं. भीती अजून वाटते." वाक्यं तुटक होती, मधे मधे थांबत होती, पण मान इकडची तिकडे झाली नाही. मी पाणीपट्टीवाली कजाग बाई, पण पदर डोळ्यांना लावला.

ती आत आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. आधी तिनं नान्याची जागा बघितली.

"बाबा कुठेत?"

"गेला गं. तू थांबलीस तेव्हाच गेला. पुन्हा तोंडून काही निघेल म्हणून घाबरला असेल."

"म्हणजे मी बोलले ते ऐकलंच नाही त्यांनी?"

"नाही."

"मी त्यांना ऐकू जावं म्हणून तर मुलाखत घरून दिली, आत्या," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला लागली.

शिष्यवृत्ती मिळाली. बारकी तो जाडा कोट हातावर टाकून गेली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. दर रविवारी तिचा फोन येतो. नान्या म्हणतो, "जेवलीस का?" ती हो म्हणते आणि थोडी थांबते. हा लगेच फोन भावजयीच्या हातात देतो. मी हजारदा सांगितलं, "अरे, विचार की तिला, त्या दिवशी काय म्हणाली होतीस." तर म्हणतो, "आता कुठल्या तोंडानं विचारू, ताई?" मी सांगायला लागले तर उठून जातो. मला ठाऊक आहे, भावजयीला ठाऊक आहे, परदेशातल्या त्या म्हातारीला ठाऊक आहे. बापाला ठाऊक नाही.

मागच्या रविवारी फोन माझ्याकडे आला तेव्हा बारकीनं आवाज खाली आणून विचारलं, "आत्या, बाबांनी तुला तरी विचारलं का गं कधी?"

मी नाही म्हटलं. मग ती तिकडच्या गाळाचं सांगायला लागली, आणि या वेळी मी कंटाळा न करता ऐकत बसले.